वऱ्हाडांतील बाभळबनें आणि गुरांचें मृगसाल

वऱ्हाडच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम कारंज्याकडे वळते, आणि तें साहजिक आहे. कारंजे लाड येथील सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तीन जैन मंदिरांच्या भांडारांतील पोथ्यांची नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या इ. स. १९२६ च्या सूचींत झाली. पुढें १९३१ पासून कारंजा जैन ग्रंथमालेनें तेथील अपभ्रंश काव्यें छापून काढिलीं, आणि देशी भाषांच्या इतिहासांतील एक मोठी पोकळी भरून निघाली. परंतु त्याच कारंज्याच्या पंचक्रोशींत, पाटील, देशमुख व पटवारी यांच्या घरांतून दुसरेंही एक साधन पडून असतें. बैलाच्या खरेदीची चिठ्ठी, बनाच्या मक्त्याचा कागद, चराईच्या वसुलीची फर्द, मोटेच्या चामड्याचा खर्च अशा या क्षुद्र दिसणाऱ्या मोडी तुकड्यांना पोथीचें भाग्य लाभत नाहीं. पोथीला रेशमी बासन मिळतें. चिठ्ठी वाण्याच्या पुड्यांत जाते. या तुकड्यांचा अर्थ लावण्याची एक किल्ली वाचकांपुढें ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ती किल्ली म्हणजे गुरांचें ऋतुमान, आणि त्या ऋतुमानाशीं बांधलेलें झाडांचें पीक.

दृष्टीसमोर एक ठिकाण असावें म्हणून आम्ही धनज बुद्रुक हें गांव घेतों. धनज आज वाशीम जिल्ह्याच्या कारंजे तालुक्यांत मोडतें. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून निराळा झाला. पण त्याहून जुना एक वाशीम जिल्हा इंग्रजी अमदानींत होता व तो १९०५ मध्यें मोडला गेला. त्या जुन्या जिल्ह्यांत कारंजे नव्हतें. तें मूर्तिजापूर तालुक्यांत असे, आणि तो तालुका १९०५ पर्यंत उमरावतीकडे व नंतर अकोल्याकडे होता. कागद धुंडाळणाऱ्यानें हा हेलपाटा आधींच ध्यानांत घ्यावा, नाहींतर वाशीमच्या दप्तरांत व्यर्थ शोध चालतो. धनज या नांवांत 'धन' म्हणजे गोधन पाहण्याचा मोह कोणासही होईल. आमच्या विषयाला तें सोईचेंही आहे. पण अशा व्युत्पत्तीवर इतिहास उभारण्याची खोड आपल्याकडे पुष्कळ झाली, तींत भर घालण्याची आमची इच्छा नाहीं.

ही भूमि काळी व कपाशीची आहे. पाऊस साधारणपणें तीस ते पस्तीस इंच, आणि तो जवळजवळ सगळा मृगापासून हस्तापर्यंत. पुढील आठ महिने जमीन वाळत जाते, भेगाळते, आणि वैशाखांत पारा ४२ अंशांच्या वर चढतो. येथील गुरें वऱ्हाडी अथवा गावरानी जातीचीं. त्यांत अंगानें लहान ती उमरडा व थोराड ती खामगावी असे दोन प्रकार जुन्या सरकारी वर्णनांत सांगितलेले आहेत. पलीकडे वर्धेच्या बाजूस गवळाऊ जातीचा पांढरा, चपळ बैल लागतो.

आतां या गुरांचें वर्ष पाहूं. शेतकऱ्याचें वर्ष आणि गुरांचें वर्ष एकच, अशी सर्वसाधारण समजूत असते; वस्तुतः तीं दोन्ही परस्परांच्या उलट चालतात. गुराच्या अंगीं बळ असतें तें पोळ्यापासून पौषापर्यंत. श्रावण-भाद्रपदांत हिरवें गवत जून व पौष्टिक होतें. मार्गशीर्ष-पौषांत ज्वारी निघून कडबा रचला जातो. कपाशीची वेचणी आटोपली म्हणजे उभ्या पऱ्हाटींत गुरें सुटतात. माघ-फाल्गुनांत तुरीचें व हरभऱ्याचें कुटार मिळतें. परंतु नांगरट, खताच्या गाड्या, वखरणी, बाजाराची वाहतूक, लग्नसराईच्या दमण्या, मळ्यांतील मोट, आणि शेवटीं मृगाची पेरणी, हीं बैलाचीं सर्वांत जड कामें चैत्र ते ज्येष्ठ या तीन महिन्यांत एकावर एक येऊन पडतात. त्या वेळीं कडब्याची गंज तळाला गेलेली असते, गायरानांत कुसळीच्या काड्यांखेरीज कांहीं उरलेलें नसतें, आणि पाण्यासाठीं कळप कोसभर हिंडतो. पुढें पहिल्या पावसानंतरचें कोवळें गवत खाऊन जनावर ढाळतें, आणि नेमक्या त्याच दिवसांत फऱ्या व घटसर्प हे रोग उठतात. म्हणजे जनावराचा सर्वांत अशक्त दिवस आणि धन्याचा सर्वांत निकडीचा दिवस एकच. वऱ्हाडच्या शेतीचें सगळें गणित या एका पेचांत अडकलेलें होतें.

दुधाचेंही असेंच साल आहे, पण त्याचा कांटा निराळा. म्हैस उष्ण काळांत माजावर येत नाहीं. काळी कातडी व घामाच्या ग्रंथि थोड्या, त्यामुळें ऊन्ह तिला गाईहून अधिक बाधतें. थंडी पडूं लागली म्हणजे ती फळते, आणि दहा महिने व कांहीं दिवस गेल्यावर श्रावण ते कार्तिक या काळांत विते. म्हणून या मुलखांत दूधतूप विपुल होतें तें आश्विन-कार्तिकांत. कोजागिरीचें आटीव दूध हा केवळ चंद्राचा उत्सव नव्हे. दुभत्याच्या ऐन भरतीचा तो दिवस आहे. चैत्रानंतर म्हशी आटतात व तूप महागतें. जुन्या जमाखर्चांत म्हैसपट्टीची किंवा तुपाची बाब आढळली कीं ती कोणत्या महिन्यांत वसूल झाली हें आधीं पहावें. आश्विनांतील शेरभर तूप आणि वैशाखांतील शेरभर तूप यांचा भार घरावर सारखा पडत नसे.

वर सांगितलेला चैत्र-ज्येष्ठाचा पेच ज्यानें कांहीं अंशीं सोडविला तें झाड बाभूळ होय. काळ्या जमिनीत ती खोल मूळ धरते आणि ऐन उन्हाळ्यांत हिरवी राहते. पावसाळ्यांत व त्यापुढें ती पिवळी फुलते. शेंगा पक्व होऊन गळतात त्या मात्र चैत्र-वैशाखापासून ज्येष्ठापर्यंत, म्हणजे जेव्हां दुसरें कांहीं उरलेलें नसतें तेव्हांच. या शेंगांत पोषक सत्त्व कडब्याच्या तिपटीहून अधिक असतें, असें आजचें रसायनशास्त्र सांगतें. तुरटपणामुळें त्या एकट्याच पोटभर घालीत नसत. उरल्यासुरल्या कडब्याच्या कुट्टींत मिसळून देत. मेंढ्या-शेळ्यांना तर तें पक्वान्नच. यांतूनच बीजाचाही प्रश्न सुटे. शेंगांतील बी कठीण कवचाचें, जमिनींत तसेंच पडून राहणारें. पण शेळ्यामेंढ्यांच्या पोटांतून गेलें म्हणजे लवकर उगवतें. म्हणून बन लावावयाचें झाल्यास धनगराच्या वाड्यांतील लेंड्यांमधलें बी गोळा करीत, आणि पुढें जंगलखात्यानेंही तीच रीत उचलली.

बाभळबन हें अशा रीतीनें लावलेलें, राखलेलें व तोडलेलें पीक होतें, हें येथें आग्रहानें सांगावेंसें वाटतें. वीस-पंचवीस वर्षांनीं बनाचा एक तुकडा तोडीत. मोकळ्या जमिनींत दोन-तीन वर्षें कपाशी किंवा तीळ घेऊन त्यांतच ओळींनीं बाभूळ पेरीत. रोप जनावराच्या तोंडावर जाईपर्यंत चराई बंद ठेवीत, आणि मग पुन्हा गुरें सोडीत. लांकूड जाई तिफण, वखर, जू व गाडीच्या चाकांकडे, कांटे कुंपणाकडे, डिंक बाजारांत, आणि साल चर्मकाराच्या कुंडींत. एवढ्यासाठीं मोटेचा विचार करून पहावा. मोट ओढणारा बैल उन्हाळा काढी तो बाभळीच्या शेंगांवर, त्याच्या मानेवरचें जू बाभळीचें, आणि विहिरींत बुडणारें चामडें कमाविलेलें तेंही बाभळीच्या सालींत. गांवाबाहेरच्या त्या कांटेरी रानावर मळ्यांतलें पाणी किती परीनें अवलंबून होतें, हें एवढ्यावरून ध्यानीं येईल.

असें असूनही आमच्या पुष्कळ अभ्यासकांनीं 'बाभळबन' हा शब्द कागदांत आला कीं त्याचा अर्थ 'पडीक' किंवा 'ओसाड' असा लावला आहे, आणि त्यावरून गांव उजाड झाल्याचे निष्कर्ष काढिले आहेत. नुसत्या 'बन' शब्दावरून असा निष्कर्ष काढणें धोक्याचें आहे. ज्या बनाचा मक्ता दिला जातो, ज्याची चराई स्वतंत्र बाब म्हणून लिहिली जाते, तें ओसाड कसें? खरी उजाडी झालेली असेल तेथें जमीन 'पडीत' म्हणून निराळी लिहिलेली आढळते. या चुकीला इंग्रजी अमदानींतील वर्गवारीनें हातभार लाविला. जंगलखात्यानें वऱ्हाडांतील राखीव भूमीचे लांकूड-सरपणाची, गवताची व निव्वळ चराईची असे तीन वर्ग पाडिले. बाभळबन हीं तिन्ही कामें एकाच जागीं करणारें. तें अशा कोष्टकांत कोठेंही घातलें तरी अर्धें बाहेर राहतें. कोष्टकाबाहेर जें राहिलें तें पुढच्या लेखकांनीं पाहिलें नाहीं. स्पेनांतील ओकबनांची गोष्ट जगभर वाखाणली जाते. तेथें ओकाचीं फळें शरदांत व हिवाळ्यांत गळतात आणि त्यांवर डुकरें पोसतात. आमच्या बाभळीची शेंग वर्षांतील सर्वांत कठीण पंधरवड्यांत गळते, पण तिचें कोणी कौतुक केलें नाहीं.

बागाइताकडे वळलें म्हणजे हाच संबंध निराळ्या रूपानें दिसतो. संत्र्याचें रोप नागपूरकर रघूजी भोसल्यांनीं औरंगाबादेहून आणविलें असें परंपरा सांगते. तेथून तें झाड वर्धा ओलांडून वऱ्हाडांत पसरलें, आणि कारंजे-मंगरूळपीर भागांतही आज त्याच्या बागा आहेत. संत्र्याला फुलविण्यासाठीं आधीं पाणी तोडून झाड ताणावर ठेवितात, मुळ्या थोड्या उघड्या करितात, मग शेणखत घालून पाणी सोडितात. आंबिया बहार धरावयाचा तर पौषांत ताण देऊन माघांत पाणी चालू करावें लागतें आणि मग ज्येष्ठापर्यंत तें एक पाळीही चुकवितां येत नाहीं. मृग बहाराला उलट उन्हाळ्यांतच ताण द्यावयाचा असतो, आणि पाणी देण्याचें काम पुढें आकाश करितें. आज या दोहोंतील निवड बाजारभावावर व विहिरीच्या पाण्यावर ठरते. परंतु मोटेच्या काळीं तिच्यामागें बैलाचें पोटही असलें पाहिजे. ज्याच्या दावणीला उन्हाळ्यांत पोसण्यासारख्या दोन जोड्या नाहींत, तो आंबियाच्या वाटेस जाणार नाहीं. बागेचा बहार पाहून मालकाच्या गोठ्याचा अंदाज बांधतां यावा, इतका हा संबंध निकट होता असें आमचें मत आहे.

शेणाबद्दल दोन शब्द. कृषिपराशरांत माघांत शेणाच्या ढिगाची पूजा करून तो उकरावा, वाळवावा आणि फाल्गुनांत शेतांतील खड्ड्यांत घालावा असें विधान आहे. ग्रंथ आपल्या प्रांतीचा नव्हे, तरी क्रम येथेंही पटतो. पावसाळ्यांतलें शेण उकिरड्यांत कुजतें, कोरड्या दिवसांतलें थापून गोवऱ्या होतात. वऱ्हाडांत मात्र चुलीला पऱ्हाटी मिळते, त्यामुळें शेण जाळण्याची गरज इतर प्रांतांहून कमी पडे व बागेला खत उरे. कपाशीनें केलेला हा उपकार विसरतां येणार नाहीं.

पण त्याच कपाशीनें दुसऱ्या हातानें बरेंच परत घेतलें. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्यें आगगाडी वऱ्हाडांतून नागपूरपर्यंत पोहोंचली. आणि मूर्तिजापुराहून कारंज्यावरून यवतमाळास जाणारी अरुंद रुळांची गाडीही विसाव्या शतकाच्या आरंभीं धांवूं लागली. जेथें ज्वारी होती तेथें कपाशी आली, म्हणजे कडबा घटला. पूर्वी कापूस घरोघर चरकीवर रेचीत, तेव्हां सरकी घरांतच राही व थेट बैलाच्या टोपलींत पडे. जिनिंगचे कारखाने निघाल्यावर कापूस सरकीसकट गांवाबाहेर गेला, आणि तीच सरकी पुढें ढेप होऊन रोख पैशानें विकत घ्यावी लागली. रानें व बनें मोडून नांगराखालीं जमीन येत होती ती याच दिवसांत. गुरांच्या उन्हाळ्याचे तीन आधार, कडबा, सरकी व शेंगा, एकाच पिढींत उणे झाले.

त्याचें प्रायश्चित्त १८९९-१९०० मध्यें मिळालें. लोक त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, कारण तें विक्रम संवत् १९५६ होतें. दक्षिणी फसलीनें १३०९. पाऊस गेला, गवत उगवलेंच नाहीं, आणि माणसांच्या आधीं गुरें पडलीं. राखीव जंगलें चराईस खुलीं करण्यांत आलीं, पण तोंपर्यंत पुष्कळ जनावरांत तेथवर चालत जाण्याचें त्राणही उरलें नव्हतें. अशा वर्षीं बाभळीच्या फांद्या छाटून पाला घालीत. दुष्काळाचा इतिहास लिहितांना धान्याचे भाव सर्वांनीं दिले. कडब्याच्या पेंढीचा भाव कोणी मांडला तर तो दुष्काळ किती आधींच सुरू झाला होता हें दिसेल.

आतां हस्तलिखितांच्या संग्राहकांस उपयोगी पडेल अशा मुद्द्याकडे येतों. शुहूरसन व दक्षिणी फसली हीं दोन्ही सालें सूर्य मृगांत गेला कीं बदलतात, म्हणून त्यांस मृगसाल म्हणतात. गुरांच्या वर्षाचा आरंभही तोच. बैल सर्वांत रोड असतो त्या दिवशीं साल पालटतें. मात्र मराठी दप्तरांतील तारखा मुसलमानी चांद्रमासाच्या, म्हणजे छ घालून लिहिलेल्या असतात, आणि ते महिने ऋतूंतून दरसाल सुमारें अकरा दिवस मागें सरकतात. याचा परिणाम काय होतो तो एका उदाहरणानें दाखवितों. हिजरी ११७५ चा मोहरम इ. स. १७६१ च्या ऑगस्टाच्या आरंभीं, श्रावणांत, सुरू झाला. हिजरी ११८४ चा मोहरम १७७० च्या एप्रिलअखेर, वैशाखांत, आला. हिजरी ११९२ चा १७७८ च्या जानेवारीअखेर, माघांत. तिन्ही चिठ्ठ्यांवर 'मोहरम' एवढेंच लिहिलेलें. पण पहिल्या चिठ्ठींतला बैल हिरव्या चाऱ्यावरचा, दुसरींतला उपाशी, तिसरींतला कुटार खाऊन टणक झालेला. पेरणीपूर्वी कामाचा बैल महाग असतो आणि त्याच आठवड्यांत भाकड गाय कवडीमोल. अशा तीन चिठ्ठ्यांवरील किंमती एकाखालीं एक मांडून 'सतरा वर्षांत गुरें इतकीं महागलीं' असें ठरविणें म्हणजे ऋतूचा फरक काळाच्या खातीं जमा करणें होय. या जातीचे तक्ते आमच्याकडे झालेले आहेत, आणि ते मोडक किंवा पिल्ले यांची जंत्री हातीं धरून पुन्हा तपासले पाहिजेत.

वऱ्हाडापुरती आणखी एक अडचण आहे. १८०३ च्या देवगांवच्या तहापर्यंत येथें निजाम व नागपूरकर भोसले यांची दोअमली चाले. एकाच गांवचा वसूल दोन सत्तांच्या वहींत वांटला जाई. तेव्हां एका बाजूच्या कागदांत चराईचा आंकडा लहान दिसला म्हणून तेथें गुरें थोडीं होतीं असें मानूं नये. वऱ्हाडचा इतिहास लिहितांना या. मा. काळे यांनीं १९२४ मध्यें राज्यकारभाराची ही गुंतागुंत पुष्कळ उलगडली. गुरांचा व बनांचा हिशेब मात्र राजकारणाच्या खालच्या थरांत असल्यामुळें पुढच्यांसाठीं उरला.

आज मोट गेली. आधीं तेलाचे व मागाहून विजेचे पंप आले. वाशीम जिल्ह्यांत सोयाबीन पसरलें, ज्वारी आखडली, आणि तिच्याबरोबर कडब्याची गंजही. सोयाबीनचें कुटार गुरें खातात, पण तें कडब्याच्या गंजीसारखें वर्षभर पुरत नाहीं. बनें तुटून धुऱ्यावरच्या एकट्यादुकट्या बाभळी राहिल्या. कारंजे-सोहोळ येथें गवताळ रानाचा सुमारें १८ चौरस किलोमीटर तुकडा २००० मध्यें काळविटांसाठीं अभयारण्य म्हणून राखण्यांत आला. या मुलखाची जुनी भूमि कशी दिसे याची कल्पना ज्यास हवी त्यानें तो उन्हाळ्यांत एकदां व पोळ्यानंतर एकदां, असा दोनदां पहावा.

धनज, कारंजे, मंगरूळपीर या बाजूस ज्यांच्याकडे जुनीं रुमालें असतील त्यांस आमची विनंति अशी. बैलखरेदीची चिठ्ठी, बनाचा मक्ता, चराईची फर्द किंवा मोट-नाड्याचा खर्च आढळल्यास नक्कल करितांना रकमेबरोबर छ, महिना व साल हीं तिन्ही जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, जनावराचा रंग, वय, दांत यांविषयीं शब्द असल्यास तो गाळूं नये, आणि कागदाच्या पाठीवर कांहीं आंकडे असतील तर तेही द्यावे. मक्त्याचे कागद बहुधा इतर दप्तरापासून निराळे, गुंडाळी करून ठेवलेले असतात. सांडणीच्या, धान्याच्या व देवघराच्या पेट्यांचे तळ पाहण्यास विसरूं नये.